दुकानात फास्ट, पेढीवर स्लो: ०.३९ वर अडकलेला लॅपटॉप

लॅपटॉप सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या आडत पेढीवरचा. तक्रार अशी की, "लई स्लो चाललाय, पट्टी काढायला शेतकरी खोळंबतोय." (पट्टी म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद.) तोवर त्यावर बरेच इलाज होऊन गेले होते. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली होती, ४ जीबीची रॅम ८ केली होती, फॉरमॅट तर दोनदा मारून झाला होता. दर वेळी दुरुस्तीच्या दुकानात तो व्यवस्थित चालायचा, आणि पेढीवर आला की पुन्हा तेच. म्हणून लॅपटॉप माझ्याकडे आणायला सांगतानाच मी सांगितलं होतं, की रोजचा चार्जर सोबत हवा, दुसरा नको.

आतला प्रोसेसर इंटेलचा, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८२५०-यू. कागदावरचा स्पीड १.६ गिगाहर्ट्झ, गरज पडली तर ३.४ पर्यंत जाणारा. विंडोज १० च्या टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे मशीनवरचा भार दाखवणाऱ्या खिडकीत, त्याचा मूळ स्पीड १.८० दिसतो. हिशेब आणि पट्ट्यांसाठी एवढा प्रोसेसर पुरून उरतो.

पेढीचाच चार्जर लावून मशीन चालू केलं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि परफॉर्मन्सच्या पानावर गेलो. डिस्क २-३ टक्के, मेमरी निम्म्याच्या आत, सीपीयू २२ टक्के. हे वाचून कुणीही म्हणेल, मशीन मोकळंच आहे. पण माउसचा बाण अडखळत होता आणि स्टार्ट मेनू क्लिक केल्यावर सावकाश उगवत होता. ग्राफच्या खाली स्पीडचा आकडा होता ०.३९ गिगाहर्ट्झ.

इथं बरेच जण फसतात. विंडोज १० मधली ती टक्केवारी प्रोसेसर किती वेळ गुंतलाय एवढंच मोजत नाही, ती मूळ स्पीडच्या हिशेबाने मोजते. प्रोसेसर ०.३९ वर बांधून ठेवलाय, मूळ स्पीड १.८०, भागाकार केला की साधारण २२ टक्के. म्हणजे तो जीव तोडून पळत असला तरी ग्राफ २२ च्या वर जाणारच नाही. विंडोजच्याच रिसोर्स मॉनिटरमध्ये ‘मॅक्झिमम फ्रिक्वेन्सी’ अशी निळी रेघ असते, तीही त्याच सुमारास अडकलेली होती.

एक खबरदारी इथं घ्यावी लागते. काही काम नसताना स्पीड खाली येणं ही बचत आहे, बिघाड नाही. म्हणून आकडा कामाच्या ओझ्याखालीच बघायचा. मी सेव्हन-झिप या फाइली आवळायच्या सॉफ्टवेअरमधला बेंचमार्क, म्हणजे वेगाची चाचणी, चालू ठेवतो. फुकट आहे, छोटा आहे आणि सगळे कोअर कामाला लावतो. तो चालू असतानाही ०.३९ हलला नाही. मग बेंचमार्क तसाच ठेवून चार्जरची पिन उपसली. दोन-तीन सेकंदांत स्पीड ३ च्या वर. पिन परत लावली, परत ०.३९.

चार्जर काढल्यावर लॅपटॉप पळतो, लावल्यावर रांगतो, याचा अर्थ उघड आहे: दोष चार्जरच्या बाजूचा. दुकानात बहुधा दुसराच चार्जर लागायचा, म्हणून तिथं तो नीट चालायचा. काही कंपन्यांच्या गोल पिनच्या चार्जरमध्ये मधोमध एक बारीक सुई असते. तिच्यातून लॅपटॉपला कळतं की चार्जर किती वॉटचा आहे. ती ओळख पटली नाही, तर मशीन सावध पवित्रा घेतं: बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरला ‘प्रोचॉट’ नावाचा थांब्याचा इशारा देऊन तळाच्या स्पीडवर आणतं. चार्जरवर झेपणार नाही एवढा भार पडू नये, हा त्यामागचा हेतू.

मल्टिमीटरने बघितलं तर पिनच्या आतल्या आणि बाहेरच्या भागात १९.५ व्होल्ट बरोबर येत होते. म्हणूनच "चार्जर ओके आहे" असं सगळे सांगत आले होते. मुख्य तारा शाबूत होत्या, तुटली होती ती ओळखीची केसासारखी तार, तीही पिनच्या गळ्याशी, जिथं वायर रोज दुमडली जाते. पिनजवळ वायर एका विशिष्ट कोनात दाबून धरली की क्षणभर चार्जिंगचं चिन्ह उमटायचं आणि सोडली की जायचं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावर, अ‍ॅडॅप्टरच्या ओळीत ६५ वॉटऐवजी ‘अननोन’ लिहिलेलं होतं. पेढीवरच्या मंडळींना वाटत होतं की यार्डातल्या कमी-जास्त व्होल्टेजमुळे होतंय. चार्जरच्या लेबलवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं; त्या पट्ट्यात तो आपलं काम करतो, विजेला यात गोवायचं कारण नव्हतं.

असा लॅपटॉप आला की आधी खात्रीचा, त्याच वॉटचा चार्जर लावून बघायचा. त्यानंही स्पीड उठला नाही तर संशय लॅपटॉपमधल्या जॅकवर, मग मदरबोर्डवर. इथं ६५ वॉटच्या दुसऱ्या चार्जरने सगळं सुरळीत झालं, त्यामुळे जॅक उघडायची वेळ आली नाही. थ्रॉटलस्टॉप नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या इशाऱ्याची खूण काढून टाकता येते आणि स्पीड लगेच येतो. निदानापुरतं ठीक. कायमचा इलाज म्हणून मी ते कधीच ठेवत नाही, कारण खरा धोका असेल तेव्हाही तो इशारा बंदच राहतो.

नव्या चार्जरवर बेंचमार्क पुन्हा लावला. सुरुवातीला ३ च्या वर, मग दहा मिनिटांत १.२. या जातीचा प्रोसेसर अर्ध्या मिनिटानंतर ३ वरून २.२-२.५ पर्यंत उतरतो, ते ठरलेलंच असतं. कागदावरच्या १.६ च्याही खाली जाणं मात्र ठरलेलं नाही. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ९७ अंश आणि ‘थर्मल थ्रॉटलिंग’समोर (तापल्यामुळे स्पीड आवळला जातोय का, ते सांगणारी ओळ) ‘येस’. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची आहे. दुसरं दुखणं चार्जरच्या मागे लपलेलं होतं, ०.३९ वर मशीन तापायचा प्रश्नच नव्हता.

खालचं झाकण काढलं, आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला. पंख्याची पाती पिवळी. खरा अडथळा पंख्यात नव्हता, पंखा आणि तांब्याच्या बारीक जाळीच्या मधल्या फटीत होता. तिथं हळदीच्या भुकटीचा पिवळा नमदा बसला होता, चिमट्याने उचलला तर अखंड पट्टीच निघाली. सौद्याच्या हंगामात पोती ओतली की भुकटी उडते, पावसाळ्यात दमट हवेनं ती चिकटते, आणि हळदीत तेल असल्यामुळे साध्या धुळीसारखी झटकून जात नाही. बाहेरून ब्लोअर मारून उपयोग नाही, हा थर आतल्या बाजूला असतो आणि हवेनं उलट जाळीत घट्ट रुततो. पंख्याचे स्क्रू काढून तो वेगळाच करावा लागतो.

जाळी मऊ ब्रशने आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतली. पंख्यावर हवा मारायची तर पातं बोटानं धरून ठेवायचं, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) उचलल्यावर त्या दोघांमधली जुनी थर्मल पेस्ट खडूसारखी सुकलेली होती. ती पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली. हीटसिंकच्या स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात, त्याच क्रमाने थोडे थोडे आवळायचे. एकच स्क्रू आधी पूर्ण आवळला तर हीटसिंक एका कडेला कलतो आणि एक कोपरा तापतच राहतो. त्यानंतर त्याच बेंचमार्कवर तापमान ७८ च्या आसपास थांबलं, स्पीड २.४.

एसएसडी आणि रॅमवर झालेला खर्च वाया गेला असं नाही, जुन्या ५४०० आरपीएम डिस्कपेक्षा विंडोज आता कितीतरी लवकर उघडतं. पण डिस्क दोषी असती तर चित्र वेगळं दिसलं असतं: टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के, सरासरी रिस्पॉन्स टाइम शेकडो मिलिसेकंद, डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ०५ किंवा सी५ च्या ओळीत (खराब किंवा संशयित जागांची मोजणी) शून्याऐवजी आकडा. रॅम कमी असती तर ‘कमिटेड’चा, म्हणजे प्रोग्रॅमांनी मागून घेतलेल्या मेमरीचा, आकडा बसवलेल्या रॅमच्या बराच पुढे गेला असता.

पेढीवर लॅपटॉप परत गेल्यावर आठवड्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडायला सांगितला. विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम, तिथं ‘कर्नल-प्रोसेसर-पॉवर’ची ३७ नंबरची नोंद शोधायची. फर्मवेअरने (मशीनमध्येच बसवलेल्या मूळ प्रोग्रॅमने) प्रोसेसरचा स्पीड आवळला की ही नोंद पडते. जुन्या नोंदींची रांग चार्जर बदलल्याच्या दिवशी थांबली होती. आता हंगामाआधी आणि हंगाम संपल्यावर पंखा उघडायचा ठरलाय, आणि लॅपटॉप वजनकाट्याशेजारून आतल्या खोलीत हलवलाय. जुन्या चार्जरची पिन कापून टाकायला सांगितली. १९.५ व्होल्ट देतोय म्हणून कोणीतरी तो पुन्हा लावलाच असता.