तुम्ही विचारलंत म्हणून: गोगलगायीला उजेड कळतो का?

आमच्याकडे पहिल्यांदा येणारा माणूस चहा होईपर्यंत खिडकीतल्या काचेच्या टाकीपाशी जाऊन उभा राहतो आणि मासे शोधतो. मासे नाहीत हे लक्षात आलं की मग त्याला काचेला चिकटलेल्या गोगलगायी दिसतात आणि प्रश्न येतो, "यांना डोळे असतात का हो? मी जरा वाकून बघायला गेलो तर ही आत ओढली गेली. उजेडाला घाबरतात का?" परवा तिसऱ्या मजल्यावरच्या ओवीच्या आईनेही हेच विचारलं. दर वेळी चहा संपतो आणि उत्तर अर्धंच राहतं, म्हणून आज बसून लिहिते आहे.

उजेडाला नाही घाबरत त्या. तुमच्या सावलीला घाबरतात.

मी मुलुंडला राहते. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं. टाकीतली एकही गोगलगाय मी विकत आणलेली नाही. क्रॉफर्ड मार्केटमधून पाणवनस्पतींची एक जुडी आणली होती, तिच्या पानांच्या मागच्या बाजूला जेलीसारखे अंड्यांचे पुंजके होते. त्यातून लिम्निया आल्या, पाठोपाठ चिमुकल्या फायसा, आणि मुळांच्या मातीतून लांब निमुळत्या शंखाच्या ट्रम्पेट गोगलगायी. आज टाकीत राज्य आहे ते लिम्नियाचं, आणि सावलीचा खेळ बघायचा तर तीच बघावी.

रात्री ट्यूबलाइट लावलेली असते. एखादी लिम्निया श्वास घ्यायला पाण्याच्या वर येते. हिला कल्ले नाहीत, हवेवर जगते. पृष्ठभागाला टेकते, अंगाच्या उजव्या बाजूला एक बारीक भोक उघडतं आणि काही क्षण तसंच उघडं राहतं. नीट बघितलं तर त्रिकोणी, चपट्या शिंगांच्या बुडाशी दोन काळे ठिपके दिसतात. ते डोळे. आता टाकीला हात न लावता, काचेवर टकटक न करता, नुसता तळवा ट्यूब आणि पाणी यांच्या मध्ये धरायचा. भोक मिटतं, शिंगं आखडतात, शंख पुढे झटकन ओढला जातो. कधी हवेचा एक बुडबुडा सुटतो आणि ती दगडासारखी तळाला जाते. ट्यूब बंद केली तरी हेच होतं. उलट अंधारातून एकदम ट्यूब लावली तर ती अशी दचकत नाही. दचकवतं ते उजेडाचं जाणं.

आणि मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं. डोळे काढून टाकलेल्या लिम्नियाही सावली पडली की आत जातात, हे प्रयोगशाळेत दाखवलं गेलं आहे. म्हणजे तो उजेड डोळ्यांवाचूनही टिपला जातो. तिच्या कातडीत, पायाच्या कडेला, शंखाच्या तोंडाशी असलेल्या मऊ आवरणात प्रकाशाला जागणाऱ्या पेशी आहेत. कातडीला चित्र दिसत नाही. उजेड होता तो कमी झाला, एवढंच कळतं, आणि जीव वाचवायला एवढं पुरतं. डोळ्याचं काम वेगळं. त्यात छोटंसं भिंग असतं, पडदा असतो, उजेड कुठल्या बाजूने येतो ते तो सांगतो. गोगलगाय नि पोटात पाय, असं आपण कपटी माणसाला म्हणतो. मी मात्र वर्गात ही म्हण शब्दशः शिकवत आले. गोगलगाय खरोखरच पोटावर चालते, आणि त्याच पायाच्या कडेला तिला उजेडही कळतो.

बागेतल्या गोगलगायीचे डोळे लांब शिंगांच्या टोकाला असतात, लिम्नियाचे शिंगांच्या बुडाशी. पुष्कळांना हा फरक माहीत नसतो. आमच्या पिढीने तिसराच प्रकार पाहिला. भाताच्या खाचरातली मोठी गोल गोगलगाय, जिला प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आम्ही "पायला" लिहायचो. तिच्या शिंगांपाशी वेगळे आखूड देठ असतात आणि डोळे त्या देठांवर. डिसेक्शनच्या ट्रेमध्ये किती पायला कापल्या असतील, आणि त्या देठाकडे मी कधी दोन मिनिटंही बघितलं नाही, याचं आज वाईट वाटतं. आता कॉलेजांतून डिसेक्शन गेलं ते फार बरं झालं. पायलाची दक्षिण अमेरिकेतली एक नातलग आहे, पोमेशिया. तिचा डोळा काढला तर साधारण महिन्याभरात भिंग आणि पडद्यासकट नवा उगवतो. ॲलिस ॲकॉर्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम 2025 मध्ये प्रसिद्ध केलं. घडणीत तो डोळा आपल्या डोळ्याशी बराच मिळताजुळता आहे. एवढा गुंतागुंतीचा अवयव पुन्हा घडवता येतो, हे वाचून मी रात्री उठून टाकीशी जाऊन बसले होते.

सावलीची इतकी धास्ती का, याचं उत्तर पाणथळीवर मिळतं. वरून येणारी सावली म्हणजे मासा, बदक, नाहीतर करकोचा. करकोच्यांपैकी एकाचं मराठी नावच घोंगल्या फोडा आहे, पुस्तकात त्याला मुग्धबलाक म्हणतात. चोच मिटली तरी मधे फट राहते, आणि त्याचं मुख्य खाणं म्हणजे पायलासारख्या गोगलगायी. तो चिखलात वाकतो तेव्हा त्याच्या अंगाची सावली आधी पाण्यावर पडते. तुम्ही माझ्या टाकीवर वाकता तेव्हा तिच्या दृष्टीने तुम्ही तोच असता.

पण सारखी सावली पाडत राहिलात तर ती सरावते. ओवीने एका संध्याकाळी ओळीने हात फिरवला. आधी लिम्निया पूर्ण आत गेली, मग अर्धी, मग नुसती शिंगं हलली, शेवटी तिने लक्षच दिलं नाही. "काकू, हिला कळलं की मी काही करणार नाही!" ओवी म्हणाली. मी म्हटलं, निदान या सावलीमागून चोच येत नाही, एवढं तरी तिच्या मज्जातंतूंनी टिपलं असेल. पाण्यावर झाडाची फांदी दिवसभर हलते. प्रत्येक हालचालीला आत गेली तर ती खाणार कधी?

ट्रम्पेट गोगलगायींची तऱ्हा निराळी. दिवसभर वाळूत पुरून घेतात, घरात सगळे झोपले की वर येतात. आमच्या शेजारी टॉवरचं काम सुरू झालं आणि रात्रभर हॅलोजन जळू लागले, तेव्हा माझ्या टाकीत त्या दिसेनाशा झाल्या. मला वाटलं मेल्या. टाकीला रात्री जाड सतरंजी गुंडाळायला लागले, तर चौथ्या की पाचव्या रात्री काचेवर पुन्हा त्यांच्या रांगा. मुंबईत काळोख विकत आणावा लागतो अशी वेळ आली आहे, आणि त्याची झळ आधी या जिवांना लागते.

दिवस किती मोठा आहे हेही त्यांना कळतं. युरोपातल्या मोठ्या लिम्नियावर नेदरलँड्समध्ये खूप काम झालं आहे. लांब दिवसाचा उजेड दिला की ती जास्त अंडी घालते, दिवस आखूड केला की कमी. तिकडे उन्हाळा आणि हिवाळा यांच्या दिवसांत कितीतरी तासांचा फरक असतो, आपल्याकडे जूनचा मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरचा लहान दिवस अकराचा. तेव्हा "टाकीत गोगलगायी फार झाल्या, काय करू?" असं विचारणाऱ्यांना मी म्हणते, आधी खाणं कमी करा आणि दिवा मध्यरात्रीपर्यंत ठेवू नका.

ओवीच्या आईचा दुसरा प्रश्न, हात लावला तर चालेल का. घरच्या टाकीतल्यांना लावा, मग साबणाने धुवा. ओढ्यातल्यांबाबत मात्र जपा, आणि त्यामागेही उजेडच आहे. काही गोड्या पाण्यातल्या गोगलगायींच्या अंगात शिस्टोसोमा नावाच्या जंताची पिल्लं वाढतात, आणि उजेड झाला की ती पाण्यात सुटून माणसाच्या कातडीतून आत शिरतात. प्रयोगशाळेत ती बाहेर काढायला गोगलगाय ग्लासभर पाण्यात ठेवून वर दिवा लावतात. भारतात हा आजार जवळपास नाहीच, पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला तो सापडला होता, आणि संशय होता फेरिसिया नावाच्या नखाएवढ्याही नसलेल्या गोगलगायीवर. नदीवर आंघोळीला माणसं जातात तीही उजेडाचीच वेळ.

तर बघायला या. रात्री दहानंतर या, सतरंजी मी आधी काढून ठेवीन. खुर्ची टाकीच्या बाजूला ठेवली आहे, तिच्यावर बसा. फक्त ट्यूबच्या आणि पाण्याच्या मध्ये उभे राहू नका, म्हणजे तिचं श्वासाचं भोक उघडताना दिसेल.