हार्डडिस्कच्या चुंबकातलं निओडिमियम : मण्यांची सातवी खेप

बंद हार्डडिस्कच्या चुंबकातला निओडिमियम हा धातू अल्जिनेटच्या सच्छिद्र, जेलीसारख्या मण्यांनी पाण्यातून वेचायचा, हा माझा घरचा प्रयोग. सहाव्या खेपेच्या शेवटी अडलं होतं ते लोहावर. शुद्ध द्रावणातलं निओडिमियम मणी नीट धरतात, पण चुंबकाचं खरं द्रावण आलं की लोह आधी जाऊन बसतं आणि आपल्या धातूला जागाच उरत नाही. गेले तीन महिने त्याच एका प्रश्नावर घालवले. पावसात मुलुंडच्या आमच्या गच्चीवर आम्लाचं काम करता येत नाही, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये शुद्ध द्रावणावरची मोजमापं उरकली आणि खरी धुवण, म्हणजे चुंबकाचा साका आणि भांडी धुतलेलं पाणी, गणपतीनंतर हाती घेतली.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. लॅमिंग्टन रोडवरून बंद पडलेल्या हार्डडिस्क आणतो. आतल्या चुंबकात दोन निओडिमियमला चौदा लोह आणि एक बोरॉन असा अणूंचा मेळ असतो, म्हणजे वजनाने साधारण २७ टक्के निओडिमियम. चुंबक कोरडा कुटू नका, ती पूड हवेत आपोआप पेट घेऊ शकते. मी निकेलचा थर फोडून तुकडे तसेच विरळ सल्फ्युरिक आम्लात सोडतो. हायड्रोजन निघतो, म्हणून गच्चीच, आणि जवळपास ज्योत नाही. मग सोडियम सल्फेट घालून गरम केलं की निओडिमियमचा दुहेरी क्षार खाली बसतो आणि बहुतेक लोह वर पाण्यात राहतं. ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ ऑएर फॉन वेल्सबाखने १८८५ साली तोवर एकच मूलद्रव्य समजल्या जाणाऱ्या 'डिडिमियम'मधून वेगळा काढलेला हाच तो धातू.

मुख्य माल या बसवण्यानेच मिळतो. तिथे मणी वापरायची गरज नाही, हे मला सहा खेपांनंतर पटलं. मण्यांची जागा आहे ती धुवणीत. साका धुताना, गाळणकागद खंगाळताना, भांडी विसळताना थोडं थोडं निओडिमियम पाण्याबरोबर जातं. लिटरमागे शंभरेक मिलिग्रॅम, पण दर वेळी. पाणी आटवून ते काढायचं तर गॅस फुकट जाणार. पातळ द्रावणातून वेचून आणणं हेच सच्छिद्र पदार्थाचं खरं काम. ट्रॉम्ब्याला भाभा अणुसंशोधन केंद्रात पॉलिप्रॉपिलिनच्या धाग्यांवर अमिडॉक्झिम गट चढवून समुद्राच्या पाण्यातलं युरेनियम धरण्यावर काम झालं आहे, आणि समुद्रात युरेनियम असतं हजार लिटरला जेमतेम ३.३ मिलिग्रॅम. त्या मानाने आपली धुवण फारच श्रीमंत.

आधी शुद्ध द्रावणाचे आकडे. प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणलेलं सोडियम अल्जिनेट, २ टक्के. सिरिंजमधून कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब थेंब सोडून मणी केले, रात्रभर ठेवले. १० ग्रॅम ओले मणी म्हणजे सुकं अल्जिनेट फक्त ०.२ ग्रॅम. १०० मिली द्रावणात ७२ मिलिग्रॅम निओडिमियम, पीएच ४.५. झायलेनॉल ऑरेंज हा रंगदर्शक घालून, धातूला बांधून घेणाऱ्या ईडीटीएने मोजलं, जितकं ईडीटीए लागेल तितका धातू: सुरुवातीला १० मिली नमुन्याला १०.० मिली, २४ तासांनी ६.० मिली. लालजांभळा रंग एका थेंबासरशी लिंबासारखा पिवळा होतो, तो क्षण चुकत नाही. हिशेब केला तर सुमारे २९ मिलिग्रॅम मण्यांत गेलं, सुक्या अल्जिनेटच्या ग्रॅममागे १४४. अल्जिनेटमधले धातू धरणारे कार्बोक्सिल गट मोजले तर जास्तीत जास्त २४० च्या आसपास बसायला हवं, म्हणजे निम्म्याहून जास्त जागा भरल्या. मी यावर समाधानी आहे.

वेळ मात्र फार लागतो. ३ मिलिमीटरच्या मण्यांनी पहिल्या तासात ईडीटीएत १.६ मिलीचाच फरक दाखवला. बारीक सुई लावून मणी दीड मिलिमीटरवर आणले, तर तेवढ्याच तासात ३.२. आयनांना आत झिरपायला लागणारा वेळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतो, तेव्हा धारणाक्षमतेच्या मागे लागण्याआधी सुई बदला. आणि मणी उन्हात सुकवू नका. भोकं मिटतात, मोहरीएवढे टणक दाणे उरतात, पुन्हा भिजवूनही पूर्ववत होत नाहीत. मी गोठवतो (वेगळ्या छोट्या फ्रीजरमध्ये, जेवणाच्या नव्हे). बर्फाचे स्फटिक वाढताना वाटा पाडतात, मग अल्कोहोलमध्ये वितळवलं की त्या वाटा टिकतात.

आता लोह. निओडिमियमइतकंच लोह त्याच द्रावणात घातलं, फेरिक म्हणजे तीन भारांच्या स्वरूपात. पीएच २.५ च्या वर नेता येत नाही, गंजाचा गाळ होतो. चार तासांनी एक मणी ब्लेडने मधोमध कापला. बाहेर विटकरी कडा, नखाच्या जाडीची, काठाशी गडद. आत स्वच्छ पारदर्शक गाभा. लोह पापुद्र्यापापुद्र्याने आत सरकत होतं. दुसऱ्या दिवशी गाभाही तपकिरी. त्या मण्यांतला धातू ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात सोडवून ऑक्झॅलिक आम्लाने निओडिमियम बसवलं, लोह पाण्यातच राहिलं. ऑक्साइड करायला नऊशे अंशांची भट्टी लागते, ती गिरगावात ओळखीच्या सोनारकाकांकडे आहे. "अरे, एवढीशी राख, आणि एवढी जपून आणलीस?" म्हणाले, पण काट्यावर वजन त्यांनीच दोनदा घेतलं. ९ मिलिग्रॅम.

दुसऱ्या बरणीत तेच द्रावण, फक्त आधी चिमूटभर ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व. फेरिकचं फेरस झालं, पिवळेपणा गेला. याचा फायदा दुहेरी आहे. दोन भार असलेलं फेरस अल्जिनेटला फार कमी चिकटतं, आणि ते गाळ होऊन बसत नाही, म्हणून पीएच ४.५ पर्यंत नेता येतो, जिथे मण्यांचे कार्बोक्सिल गट मोकळे असतात. बरणी झाकणापर्यंत काठोकाठ भरायची, हवा राहिली की लोह परत फिरतं. सोडवल्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब घालून उरलंसुरलं लोह पुन्हा फेरिक करायचं, नाहीतर ऑक्झॅलिक घातल्यावर पिवळं फेरस ऑक्झॅलेटही खाली बसतं. ऑक्साइड २७ मिलिग्रॅम. तिप्पट!

याच उत्साहात खरी धुवण लावली आणि सगळे मणी गेले. बारा तासांत फुगून दुप्पट झाले, चमच्याने उचलले तर चमच्यावरच पसरले, संध्याकाळी बरणीत नुसती पेज. दोष लोहाचा नव्हता. दुहेरी क्षार बसवायला मीच घातलेलं सोडियम सल्फेट धुवणीत भरपूर होतं. इतकं सोडियम आलं की ते मण्यातल्या कॅल्शियमला रेटून बाहेर काढतं, आणि मणी ज्या गाठींवर उभा आहे त्या कॅल्शियमच्याच असतात. चार महिन्यांची जमवलेली धुवण होती ती. फार वाईट वाटलं.

उपाय दोन केले, एकत्र. धुवण पाचपट पातळ केली. आणि मणी अर्धा तास कायटोसनमध्ये बुडवले: अर्धा टक्का, एक टक्का ॲसेटिक आम्लात विरघळवलेलं. कायटोसनचे धन भार अल्जिनेटच्या ऋण भारांना धरतात आणि मण्यावर कातडी चढते. हे कायटोसन कोळंबीच्या टरफलांतून येतं. ससून डॉकवर पहाटे बायका कोळंबी सोलत बसतात, तिथे टरफलांचे ढीग असतात. पुढच्या खेपेला स्वतः करून बघायचं आहे.

४०० मिली धुवण, पातळ करून २ लिटर, ॲस्कॉर्बिक, पीएच ४.५, २० ग्रॅम मणी, दोन दिवस. मणी गोल राहिले. बोटांनी दाबले तर रबरासारखे परत येतात. ऑक्साइड ३८ मिलिग्रॅम. तेवढ्याच धुवणीचा दुसरा भाग थेट ऑक्झॅलिकने बसवला होता, त्यातून ४७ आले होते, म्हणजे सुमारे ८१ टक्के हाती आलं. कातडीमुळे शोषण मंदावलं, म्हणून एकाऐवजी दोन दिवस. माझ्या मते हा सौदा चांगला आहे.

तेच मणी कॅल्शियम क्लोराइडमध्ये भिजवून दुसऱ्यांदा वापरले, ३५ आले. तिसरी फेरी काल संध्याकाळी लावली. पहिल्या दोन फेऱ्यांचं ऑक्साइड एकत्र करून दोन मिली आम्लात विरघळवून ठेवलं आहे: खिडकीत धरलं की फिकट जांभळं, ट्यूबलाइटखाली नेलं की निळसर.