पहाटेचे 21 अंश

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका प्रयोगशाळेत मी तापमापकांच्या पडताळणीचे काम करते. औषध कारखाने आणि शीतगृहे यांची उपकरणे आमच्याकडे रोज येतात. परंतु गेल्या जानेवारीत कोथरूडचे एक निवृत्त काका गरीच्या पेटीतून तापमान नोंदवणारे छोटे यंत्र घेऊन आले, तसे काम माझ्याकडे प्रथमच आले होते. दाभोळच्या खाडीत ते गरीने जिताडा मासा पकडायला जातात. "ताई, उपग्रहाच्या नकाशात समुद्र 26 अंशांवर आहे आणि हे पहाटे 21 दाखवते. बिघडलेच असणार," असे ते म्हणाले.

शुद्ध पाण्याच्या बर्फाचा चुरा थर्मासमध्ये भरून, तो थोड्या पाण्याने ओला करून मी यंत्राचे टोक त्यात बुडवले. आकडा हळूहळू उतरला आणि शून्यावर स्थिरावला. पुढे ढवळत्या पाण्यात 20, 25 आणि 30 अंशांवर प्लॅटिनमच्या तापमापकाशेजारी ठेवले, तरी फरक 0.1 अंशाच्या पुढे गेला नाही. यंत्र खरे बोलत होते.

मग मी त्यातल्या नोंदी वेळेनुसार मांडल्या. ओहोटीला उथळ उरलेले पाणी रात्रभराच्या थंडीने निवत गेले होते आणि सूर्य वर येण्याआधीच, भरती लागल्यापासून दोन तासांत ते चार अंशांनी चढले होते. ही ऊब समुद्राची होती. उपग्रहाचे अवरक्त उपकरण समुद्राचा मिलिमीटरहूनही पातळ पृष्ठभाग पाहते आणि त्याच्या एका चौकोनात साधारण किलोमीटरभर पाणी येते. अरुंद खाडीतली पहाट त्यात दिसणार कशी? माशाच्या अंगाचे तापमान पाण्याबरोबर बदलते, त्यामुळे गारठ्यात त्याची हालचाल आणि पचन मंदावते व तो आमिषामागे धावत नाही. काकांच्या रिकाम्या पहाटांचे कारण मला इथे दिसले.

मे महिन्यात हे उलटते. उन्हाने तापलेल्या उथळ पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी राहतो आणि तेव्हा भरती गारवा घेऊन येते.

काकांनी खिशातली वही काढली, माझ्याकडून पट्टी मागून घेतली आणि तापमानाच्या रकान्याशेजारी भरती लागण्याच्या वेळेचा रकाना तिथेच आखला.