तिन्ही दारांना आतून कडी

पुस्तकात घराचा नकाशा असला की माझी दुपार गेलीच म्हणून समजा. परवा अगाथा ख्रिस्तीचं ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’ खाली काढलं ते नुसतं धूळ झटकायला, तर नेमकं नकाशाचंच पान उघडलं. जिचा खून होतो त्या इंग्लथॉर्पबाईंची खोली, तिला तीन दारं, तिन्हींना आतून कडी. खुनी कोण हे मला तोंडपाठ आहे, तरी बोट ठेवून सगळ्या खोल्या फिरून आले.

खरं सांगायचं तर मला अशा कादंबऱ्यांत खुनापेक्षा घरच जास्त आवडतं. गालिच्यावर सांडलेलं मेण, टाचेखाली चुरा झालेला कॉफीचा कप, ऐन जुलैच्या उकाड्यात पेटवलेली शेकोटी. आणि घरातली मोलकरीण डोर्कास! जुनी, विश्वासू, सगळं लक्षात ठेवणारी. पोलिसांपेक्षा मी तिच्यावर जास्त भरवसा ठेवते.

ख्रिस्तीबाई पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या टॉर्कीच्या इस्पितळात औषधं तयार करून द्यायच्या. विषाची माहिती तिथली. आणि विष कुठलं, तर स्ट्रिकनीन. म्हणजे आपला काजराच की! आजोळी परसामागे काजऱ्याचं झाड होतं. नारिंगी फळं, आत चपट्या, राखी, बटणाएवढ्या बिया, त्यांवर रेशमी लव. दुकान-दुकान खेळताना आमचे रुपये तेच. आजीनं पाहिलं की ओरडायची, “टाका आधी ते! हात धुवा साबणानं!” खाल्लं तर काय होतं, असं एकदा मामेभावानं विचारलं. “ते सांगायला कोणी उरत नाही,” म्हणाली आणि तांदूळ निवडत बसली.

पुस्तकात मात्र सांगायला सगळे उरतात. विष कॉफीतून गेलं की कोकोतून, किती वाजता, किती ग्रेन, एकूण एक हिशेब.

हे लिहिलं गेलं १९१६ साली. त्याच वर्षी १ जुलैला, फ्रान्समधल्या सॉमच्या लढाईत, एका दिवसात १९ हजारांहून अधिक ब्रिटिश सैनिक मेले. स्टाइल्समध्ये, म्हणजे पुस्तकातल्या त्या घरात, युद्धासाठी कागदाचा कपटासुद्धा पोत्यात भरून पाठवतात. गोष्ट सांगणारा हेस्टिंग्ज तर आघाडीवरूनच परत पाठवलेला. तिथलं सगळं तो सुरुवातीलाच दोन ओळींत उरकतो. कोकोच्या ट्रेवर मीठ कुठून आलं, याची चौकशी मात्र पुढे कितीतरी पानं चालते.