पॉइंट तीन क्रेट

फेब्रुवारी, पहाटेचे पावणेसहा. द्राक्षाच्या हंगामात या वेळेला फोन वाजला की कुठेतरी गाडी अडलीय एवढं नक्की.

"सर, उगावहून मोहाडीला पॉइंट तीन क्रेट पाठवायचेत. म्हणजे किती घड?" डिस्पॅचचे दादा अगदी शांतपणे विचारत होते. त्यांच्या त्या शांतपणाचीच मला जास्त भीती वाटते.

नाशिकला बसून रोज रात्री सगळ्यात स्वस्त वाहतूक काढून देणं हे माझं काम. उगावसारखी १४ संकलन केंद्रं, मोहाडीसारखी ५ पॅकहाउस, म्हणजे ७० मार्ग. एरवी त्यातल्या १८ पेक्षा जास्त मार्गांवर माल पडत नाही (१४ अधिक ५ वजा १), आणि आवक-मागणी पूर्ण क्रेटमध्ये असली की उत्तरही पूर्ण क्रेटमध्येच येतं. आज ६१ मार्गांवर चिमूट चिमूट माल, प्रसाद वाटल्यासारखा! सिम्प्लेक्सनं, म्हणजे आमच्या नेहमीच्या गणिती पद्धतीनं, पुन्हा सोडवून पाहिलं. १८ मार्ग, आणि खर्च रुपयाला रुपया तोच.

चूक माझीच होती. अख्ख्या हंगामाचं मोठं मॉडेल सिम्प्लेक्सला जड जात होतं, म्हणून त्याला इंटिरिअर पॉइंट ही दुसरी पद्धत लावली आणि तिची शेवटची पायरी, क्रॉसओव्हर, वेळ खाते म्हणून बंद केली. सेटिंगची फाइल एकच, त्यामुळे ७० मार्गांच्या चिमुकल्या गणितालाही तेच लागू झालं.

सगळ्या शक्य वाटपांचं एक शेत धरलं, तर डँटझिगची १९४७ ची सिम्प्लेक्स त्याच्या बांधाबांधानं, कोपऱ्या-कोपऱ्यानं चालते; पूर्ण क्रेटचं, जास्तीत जास्त १८ मार्गांचं ते उत्तर म्हणजे या शेताचा कोपरा. आयआयटी मुंबईत शिकलेल्या नरेंद्र करमरकरांनी १९८४ मध्ये बेल लॅब्जमध्ये असताना शेतातून आडवं जायची, म्हणजे इंटिरिअर पॉइंटची, वाट दाखवली. कोपरे कितीही असोत, तिकडे फिरकायचंच नाही. (हे सांगताना माझी मान अजून ताठ होते.) पण आमचा ट्रान्सपोर्टर किलोमीटरच्या टप्प्यानुसार क्रेटमागे भाडं घेतो. टप्पा एक असला की बरेच मार्ग सारखेच स्वस्त, म्हणजे अख्खा बांधच सर्वोत्तम. शेतातून येणारा मग बांधाच्या मधोमध येऊन थांबतो. तिथून त्याला कोपऱ्यावर नेणारा तो क्रॉसओव्हर, आणि तोच मी बंद ठेवलेला.

सहा वीसला नवा तक्ता पाठवला.

"हां, आता कसं! पण सर, शिवडीचा सगळा माल ओझरलाच? तिथला एक बागायतदार ओझरवाल्यांशी बोलत नाही."

हे काही मॉडेलमध्ये नव्हतं. त्याचे क्रेट दादांनी हातानंच मोहाडीला वळवले, तेवढेच उगावचे ओझरला टाकले. टप्पा एकच, त्यामुळे भाडं तेवढंच राहिलं. मार्ग मात्र १९ झाले, म्हणजे कोपरा सोडून आम्ही थोडे बांधावर सरकलोच.