रांगोळीत उमटणारा सूर

कंप पावणाऱ्या पत्र्यावर रांगोळी भुरभुरली की ती स्वतःहून रेषांमध्ये जमते. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट क्लाडनी यांनी 1787 साली प्रसिद्ध केलेल्या आकृत्या त्या याच. ते पत्र्याच्या कडेवर व्हायोलिनचा गज ओढत. आता त्याजागी वूफर (खर्जाचा मोठा स्पीकर), ॲम्प्लिफायर आणि मोबाइल पुरतो.

अल्युमिनियमचा 1 मिलिमीटर जाड, 18 सेंटिमीटर चौरस पत्रा घ्या. त्याचं वजन 90 ग्रॅमच्या आत राहतं आणि 6 इंची वूफर ते पेलतो. याहून मोठा पत्रा ठेवला तर वजनानं वूफरचा कोन (हलणारा शंकूसारखा पडदा) खाली दबतो, त्याला हलवणारी तारेची कॉइल आपल्या जागेवरून सरकते आणि घरघर सुरू होते. कोनच्या मध्यावर प्लॅस्टिकचं जाड बूच इपॉक्सीनं चिकटवून 24 तास सुकू द्या. पत्र्याच्या बरोबर मध्यात 4 मिलिमीटरचं भोक पाडून तो बुचावर स्क्रू आणि वॉशरनं कसा. भोक 2 मिलिमीटर जरी सरकलं तरी आकृती एका बाजूला कलते. भोकाभोवतीची धार कानशीनं साफ केली नाही तर पत्रा नीट टेकत नाही आणि सुरात किणकिण मिसळते.

सगळ्यात जास्त घोळ रांगोळीत होतो. बाजारातली रांगोळी आधी रव्याच्या चाळणीतून काढा, मग मैद्याच्या चाळणीवर घ्या. वर उरेल तीच वापरायची. खाली गळलेली पूड आकृती गढूळ करते, कारण अगदी बारीक कण पत्र्यालगतच्या हवेच्या झोतांबरोबर वाहत जातात आणि जिथे पत्रा सर्वांत जास्त हलतो तिथेच ढीग करून बसतात. जाड कण नेमके उलटे वागतात, उडत उडत पत्रा हलत नाही अशा शांत रेषांवर येऊन थांबतात. या झोतांचा उलगडा शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी 1831 साली केला होता. पावसाळ्यात रांगोळी दमट होऊन गोळे धरते; तव्यावर कोरडी परतून, गार करून घ्या.

पत्रा पाणसळीनं सपाट करा. मोबाइलवर शुद्ध साइन सूर (एकाच वारंवारतेचा सूर) देणारं कुठलंही ॲप चालेल. ॲम्प्लिफायरचा आवाज पावभरच ठेवा आणि 150 हर्ट्झपासून सावकाश वर चढा. एखाद्या ठिकाणी रांगोळी एकाएकी खळबळते, तिथे थांबून एकेका हर्ट्झनं मागेपुढे करा. कण सरकायला दोन-तीन सेकंद लागतात, घाई केली तर आकृती हातची निसटते. 1000 हर्ट्झच्या वर आवाज कानाला फार बोचतो. इअरप्लग घाला, मुलं जवळ असतील तर त्यांनाही द्या.

‘ओम म्हटलं की श्रीयंत्र उमटतं’ असे व्हिडिओ फिरत असतात. त्यावर विश्वास ठेवू नका. आकृती जितकी सुराची तितकीच पत्र्याची असते. तोच सूर गोल पत्र्याला दिला की वेगळं चित्र येतं. जाडी दुप्पट केली की तीच आकृती दुप्पट वारंवारतेला मिळते, बाजू निम्मी केली की चौपट. पत्रा कुठे धरला आहे यावरही सारं बदलतं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की सूर आणि आकार यांचं खरं नातं कळतं, आणि ते त्या व्हिडिओंहून कितीतरी सुंदर आहे.

गायकाच्या आवाजावर पत्रा चालवायचा असेल तर माइकचा आवाज थेट ॲम्प्लिफायरला देऊ नका. गळ्यातून मूळ सुरासोबत त्याचे पटीतले सूरही निघतात, त्यामुळे दोन-तीन आकृत्या एकमेकींत घुसतात. त्याऐवजी संगणकानं मूळ सूर ओळखावा आणि ईएसपी32 या छोट्या मायक्रोकंट्रोलरला जोडलेल्या, लहरी तयार करणाऱ्या एडी9833 मॉड्यूलनं तेवढ्याच वारंवारतेची स्वच्छ साइन लहर काढावी. मॉड्यूल आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा. ईएसपी32 च्या पिनवरून थेट चौकोनी लहर काढली तर पटीतल्या सुरांचा तोच घोळ परत येतो.

सूर ओळखताना एक अडचण हमखास येते. सेकंदाला 44,100 सॅम्पलच्या वेगानं 4096 सॅम्पलचं एफएफटी (आवाजातल्या वारंवारता वेगवेगळ्या घरांत वाटणारं गणित) घेतलं तर एक घर सुमारे 10.8 हर्ट्झचं होतं. पत्र्याचा रेझोनन्स (तो जोरात कंप पावतो तो वारंवारतेचा पट्टा) मात्र काही हर्ट्झमध्येच संपतो, म्हणून आकडा बरोबर दिसतो आणि रांगोळी हलत नाही. सर्वांत उंच घर आणि त्याच्या शेजारची दोन घरं यांतून पॅराबोला काढून शिखराची नेमकी जागा शोधा. शिवाय सूर सेकंदभर स्थिर राहिल्यावरच नवी वारंवारता पाठवा, नाहीतर गळ्यातल्या प्रत्येक कंपनासोबत लहर बदलत राहते आणि कणांना रेषेवर पोचायला वेळच मिळत नाही.