भिंतीपलीकडचे दोन माग

मे महिना होता, पारा 43 अंशांवर. सकाळी दवाखाना उघडतोय तोवर शहराच्या पूर्व भागातले एक मामा दारात येऊन उभे.

"डॉक्टरबाई, गाढवी दोन दिवस झालं तोंडच उघडंना. पाणीबी पिईना."

"पायात काही रुतलं होतं का, मामा?"

"पंधरा दिवसांखाली खिळा उपसला होता. हळद भरली की."

माझ्या पोटात गोळा आला. पेटी उचलली आणि त्यांच्या मागोमाग निघाले.

आमची संस्था देणग्यांवर चालते. भटकी कुत्री, रस्त्यावरच्या गाई आणि ज्यांच्या मालकांना औषधपाणी झेपत नाही अशी कामाची जनावरं आमच्याकडे येतात. कुत्र्याच्या पिल्लाचा फोटो पाठवला की तासाभरात पैसे जमतात. गाढवासाठी तसे जमत नाहीत, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. टेम्पो शिरत नाही त्या बोळातून विटा, वाळू, राडारोडा हेच जनावर वाहतं.

पत्र्याच्या खोलीत राणी उभी होती. चारी पाय फाकलेले, लाकडाचे असावेत तसे ताठ. कान उभे, शेपूट किंचित उचललेली, नाकपुड्या फुगलेल्या, तोंडातून लाळेची तार. मी हनुवटीखाली बोटानं हलकेच टिचकी मारली. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा सर्रकन बुबुळावर सरकला आणि सावकाश मागे गेला. धनुर्वात. शंकाच उरली नाही.

खुराच्या तळव्यात वरून बुजलेलं छिद्र सापडलं. कोरलं तर आत काळपट पू. या रोगाचे जंतू जिथं हवा पोचत नाही तिथंच वाढतात. खोल, बंद जखम त्यांना हवीच असते. जखम उघडी करून धुतली, पेनिसिलिन दिलं, गुंगीचं औषध दिलं, प्रतिविष टोचलं. पण नसांना एकदा चिकटलेलं विष प्रतिविषानं सुटत नाही. जे मोकळं फिरतंय तेवढंच मरतं. बाकीचं शरीरानं आपणहून निस्तरायचं, आणि तोवर जनावराला हवा अंधार आणि शांतता. जरा उजेड झाला, जरा आवाज झाला की अंग आकडतं. घोडा-गाढव आडवं पडलं आणि उठेना, तर बहुतेक वेळा संपलंच.

आणि भिंतीपलीकडे कारखाना. टॉवेलचे माग. धाड-धाड-धाड. प्रत्येक ठोक्याला राणीच्या मानेवरून थरकाप जात होता. तिला तिथून हलवावं, तर टेम्पोच्या हादऱ्यानंच झटका आला असता.

कानात कापसाचे बोळे घातले. मामांच्या सुनेनं घरातल्या होत्या नव्हत्या त्या चादरी खिडकीला आणि दाराला टांगल्या. पत्र्यावर ओली गोणपाटं टाकली, नाहीतर आत भट्टीच झाली असती. मग मी कारखान्यात गेले. कारखानदारांनी ऐकून घेतलं, बाहेर येऊन राणीला पाहिलं आणि म्हणाले, "भिंतीकडचे दोन माग बंद ठेवतो. पण त्यावरच्या माणसाची मजुरी?"

बरोबरच होतं ते. तो विणकर नगावर काम करणारा; माग थांबला की त्याच्या घरची चूल थांबते. मी तिथूनच आमच्या खजिनदारांना फोन लावला. जनावरांसाठी आलेल्या देणगीतून विणकराची मजुरी देता येईल का? ते क्षणभर थांबले. "कोणत्या खात्यात लिहू?"

"औषधात लिहा," मी म्हटलं. त्यांनी लिहिलं.

माग थांबले. उरलेल्यांचा आवाज येतच होता, पण लांबून. अर्ध्या तासानं राणीची मान जराशी सैल झाली. शेजारी सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांनी पोरांना गल्लीच्या तोंडाशीच अडवलं. "हळू बोला रे, राणी आजारी हाय."

तिला मान खाली नेता येत नव्हती. म्हणून पिंप पालथं घालून त्यावर घमेलं ठेवलं, त्यात कोंड्याची पातळ आंबोण. दातखिळीतूनही ती ओठांनी फुर्रकन ओढून घ्यायची. मी रोज सकाळ-संध्याकाळ सलाईन आणि इंजेक्शनं द्यायला जायची, चपला बाहेर काढून. पाचव्या रात्री ती कलंडली. मामांनी आणि त्या विणकरानं मिळून तिला उभं केलं, दोन्ही बाजूंना पाचटाचे भारे लावले आणि पहाटेपर्यंत तिथंच बसून राहिले.

आठवडा निघाला तेव्हा मला पहिल्यांदा नीट झोप लागली. दहाव्या दिवशी मी स्वतःच एक माग चालू करायला सांगितला. राणीनं कान टवकारले, अंग आकडलं नाही. चार दिवसांनी दुसरा. मामांच्या उरलेल्या दोन गाढवांना धनुर्वाताची लस त्याच आठवड्यात दिली. ती राणीला आधी दिली असती, तर यातलं काहीच घडलं नसतं.

महिनाभरानं गेले तेव्हा राणी दारात उभी होती. सुनेनं कडक भाकरीचा तुकडा तिच्यापुढं धरला. दोन्ही माग धाड-धाड चालू होते आणि त्या आवाजातही मला ती भाकरी तिच्या दाताखाली कुडुम कुडुम मोडताना ऐकू आली.